शेततळ्याकाठी कृषी पर्यटन : उथळ काठाचे महत्त्व



सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून १९९८ साली एक महानगरपालिका झाली. कुपवाडची औद्योगिक वसाहत, मिरजेचे दवाखाने आणि सांगलीची बाजारपेठ यांमुळे येथे नोकरदार आणि व्यापारी वर्गाची मोठी वस्ती आहे. या वस्तीला सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन जाण्यासारखी ठिकाणे मात्र मोजकीच आहेत. सांगलीची आमराई, कृष्णेचा घाट, मिरज पूर्व भागातील दंडोबाचा डोंगर, फार तर सागरेश्वरचे अभयारण्य. उलट कानडवाडी, सावळी, तानंगपासून पुढे पूर्वेला कवठेमहांकाळपर्यंत आणि उत्तरेला तासगावपर्यंत द्राक्षबागा, शाळूची राने, शेततळी आणि पाझर तलाव पसरलेले आहेत. तासाभराच्या आत शहरातील माणूस येथे पोहोचतो. त्यामुळे "शेततळे आहेच, शेजारी चार खोल्या बांधल्या तर पाहुणे येतील का?" असा प्रश्न आता अनेक बागायतदार विचारू लागले आहेत.

पाहुणे पहिल्यांदा येतील यात शंका नाही. ते दुसऱ्या वर्षी पुन्हा येतील किंवा नाही, हे मात्र खोल्यांपेक्षा पाण्याच्या काठावर अधिक अवलंबून आहे. नेमका हाच भाग दुर्लक्षित राहतो. खोल्या, लॉन, कारंजे, रंगीत दिवे यांवर खर्च होतो आणि काठ तसाच काळ्या प्लॅस्टिकचा राहतो.

शेततळे म्हणजे तलाव नव्हे

आपल्या भागातील सर्वसाधारण शेततळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असते. बाजूंचा उतार १ : १ धरल्यास त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. हे पाणी खरड छाटणीनंतर बाग जगविण्यासाठी साठविलेले असते. कमी जागेत जास्त पाणी राहावे आणि ते मुरू नये, या हेतूने बाजू तीव्र उताराच्या ठेवून त्यावर प्लॅस्टिकचे अस्तर घातले जाते. साठवणीच्या दृष्टीने ही रचना योग्यच आहे.

परंतु निसर्गाच्या दृष्टीने अशा तळ्यात फारसे काही नसते. काठाला चिखल नाही, गवत नाही, किड्यामुंग्यांना आसरा नाही. पाण्यावर एखादी टिबुकली बुड्या मारताना दिसेल, खंड्या तारेवर बसेल, पण उभे राहून चरायला जागा नसल्याने बहुतेक पाणपक्षी तेथे उतरत नाहीत. पाहुणा बांधावर येतो, दहा मिनिटे निळे पाणी पाहतो आणि मोबाईलवर फोटो काढून परत फिरतो. यापुढे त्याला करण्यासारखे एकच उरते, ते म्हणजे पाण्यात उतरणे. धोका येथूनच सुरू होतो.

अस्तर घातलेल्या तळ्यात पोहू देऊ नये

हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. पाण्याखालील प्लॅस्टिकवर काही दिवसांतच शेवाळाचा पातळ थर येतो आणि ते साबणासारखे निसरडे होते. घसरून आत गेलेल्या माणसाला हाताने धरायला किंवा पाय रोवायला काहीच मिळत नाही. चांगला पोहणारा माणूसही काठाशी येऊन पुन्हा पुन्हा खाली घसरतो आणि दमून बुडतो. त्याला वाचविण्यासाठी उडी मारणारा दुसराही त्याच संकटात सापडतो. दरवर्षी उन्हाळ्यात अशा दुर्घटनांच्या बातम्या आपण वाचतो. त्यात घरातील मुले असतात, तसेच सुटीत आलेली पाहुण्यांची मुलेही असतात.

म्हणून पर्यटन केंद्र असो वा नसो, तळ्याभोवती किमान ५ फूट उंचीची तारेची जाळी असावी. दाराला कुलूप असावे व किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे ठेवावी. चारही बाजूंनी जाड दोर खुंट्यांना पक्के बांधून पाण्यात तळापर्यंत सोडावेत. दोरांना हात-दीड हाताच्या अंतरावर गाठी माराव्यात. गाड्यांचे जुने टायर दोराने एकमेकांना बांधून उतारावर सोडल्यास शिडीसारखा उपयोग होतो. झाकण घट्ट बसविलेले २० लिटरचे रिकामे कॅन दोरासह काठावर टांगून ठेवावेत, म्हणजे बुडणाऱ्याकडे ते चटकन फेकता येतात. आत उडी न मारता दोर किंवा कॅन फेकायचा असतो, हे घरातील सर्वांना आणि मजुरांनाही प्रत्यक्ष करून दाखवावे.

"बोट ठेवली तर उत्पन्न वाढेल" असेही काही जण सुचवितात. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ मुले व २ शिक्षिका मृत्यू पावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांना जीवरक्षक जॅकेट दिलेली नव्हती. मोठ्या शहरातील तलावावर असे घडू शकते, तर प्रशिक्षित माणूस नसलेल्या शेतावर बोटीचा मोह टाळणे बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मायणीच्या तलावाने काय दाखविले

मग पाण्याकाठी पाहुण्यांना दाखवायचे काय? याचे उत्तर आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात आहे. खटाव तालुक्यातील मायणीचा ब्रिटिश काळात बांधलेला तलाव हिवाळी पाहुण्या पक्ष्यांसाठी, विशेषतः रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांसाठी, प्रसिद्धीस आला. लांबून लोक केवळ हे पक्षी पाहण्यासाठी तेथे येत. पुढे तलावात गाळ साचत गेला, दुष्काळाच्या वर्षी पाणी आटले आणि पक्ष्यांची संख्या रोडावली. रोहित पक्षी जवळच्या येरळवाडी आणि सूर्याचीवाडी तलावांवर दिसू लागले. २०२१ साली राज्य शासनाने मायणी परिसर पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला.

खोल पाणी आहे म्हणून पक्षी आला असे होत नाही. प्रत्येक पक्ष्याचे पाणी त्याच्या पायांच्या उंचीने आणि चोचीच्या लांबीने ठरलेले असते. तुतारी हा लहान पक्षी ओल्या चिखलात आणि बोटभर पाण्यात टोचून किडे खातो. लांब लाल पायांचा शेकाट्या वीतभर पाण्यात चालतो. चमच्या आपली चपटी चोच पाण्यात डावीकडून उजवीकडे फिरवीत गुडघाभर पाण्यातून पुढे सरकतो. रोहित मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि चिखलपाण्यातील सूक्ष्म जीव गाळून घेतो. थापट्या, तलवार बदक, हळदीकुंकू बदक ही बदके हात-दीड हात पाण्यात डोके बुडवून चरतात. यांपैकी एकालाही ३ मीटर खोलीचा उपयोग नाही. पाहण्यासारखे जे काही आहे, ते सर्व पहिल्या दोन फूट पाण्यात घडते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. एखाद्या मोठ्या तलावात पाणी थोडे कमी होऊन काठ उघडा पडला की पक्षी वाढतात, आणि तलाव काठोकाठ भरला की ते निघून गेल्यासारखे वाटतात. म्हैसाळ, ताकारी आणि टेंभू योजनांचे पाणी आता उन्हाळ्यातही अनेक तलावांत सोडले जाते. शेतीला ते वरदानच आहे. मात्र त्या दिवसांत काठावर जमिनीवरच अंडी घालणाऱ्या टिटवीसारख्या पक्ष्यांची घरटी अचानक पाण्याखाली जातात, हेही पाहणाऱ्याला दिसते.

दोन गुंठ्यांचे पाणथळ

ज्यांना शेततळ्याजवळ निसर्ग पर्यटन करावयाचे आहे, त्यांनी साठवणीचे तळे जाळीच्या आड ठेवावे आणि त्याच्या खालच्या अंगाला वेगळे, लहान, मातीचे, उथळ पाणथळ करावे. एक किंवा दोन गुंठे जागा पुरे होते. तळाला काळी चिकण माती असावी. मुरमाड जागेत पाणी टिकत नाही, तेथे काळ्या मातीचा थर पसरून, पाणी शिंपडून तो चांगला दाबून घ्यावा. प्लॅस्टिक घालू नये.

उतार हाच या कामाचा प्राण आहे. २० फूट चालत गेल्यावर पाणी १ फूट वाढावे, इतका सौम्य उतार असावा. १० मीटर रुंदीत शेवटी पाणी सुमारे दीड फुटाच्या वर, म्हणजे मोठ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत येते. कडा सरळ रेषेत न ठेवता वेडीवाकडी ठेवावी. मधोमध मातीचा लहान उंचवटा ठेवल्यास कुत्र्यामांजरांपासून सुरक्षित अशी बसण्याची जागा पक्ष्यांना मिळते. उथळ असले तरी लहान मुलांना तेथे एकटे सोडू नये.

पाण्याचा हिशेब आधीच मांडलेला बरा, कारण आपल्याकडे प्रत्येक बादलीला किंमत आहे. दोन गुंठ्यांचे असे पाणथळ एकदा भरण्यास सुमारे ५० हजार लिटर पाणी लागते. हिवाळ्यात दररोज ४ ते ५ मि.मी. बाष्पीभवन आणि तेवढेच मुरणे धरले, तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत भरणीसह एकूण ३ ते साडेतीन लाख लिटर पाणी खर्च होईल. वर सांगितलेल्या शेततळ्याचा हा सुमारे सातवा हिस्सा झाला. हा खर्च कमी नाही. परवडत नसल्यास एकच गुंठा करावा. ठिबक संचाच्या सँड फिल्टरचे बॅकवॉशचे पाणी बहुतेक ठिकाणी ओघळीत सोडून दिले जाते. त्यात खत मिसळलेले नसेल तर ते पाणथळाकडे वळविता येते. मार्चनंतर मात्र पाणथळास पाणी देऊ नये. ते आटू द्यावे. आटताना उघड्या पडणाऱ्या चिखलावर तुतारी आणि धोबी पक्ष्यांची गर्दी होते. पुढे तळ तापून भेगाळला की माशांचे आणि डासांचे प्रश्नही सुटतात. शिवाय एप्रिलच्या खरड छाटणीसाठी पाणी राखणे हे आपले पहिले काम आहे.

काठाला लव्हाळा आणि थोडे पाणकणीस आपोआप येते. पाणकणीस माजू लागल्यास अर्धे कापून काढावे. बेशरम दिसताच उपटावी. जलपर्णी शोभेसाठी म्हणूनसुद्धा आणू नये. कोल्हापूरच्या रंकाळ्यात सांडपाण्यामुळे शेवाळ आणि जलपर्णी कशी फोफावली, हे सर्वांनी पाहिले आहे. त्याच कारणाने स्वयंपाकघराचे व न्हाणीचे पाणी पाणथळात येता कामा नये. शौचालयाची टाकी विहिरीपासून आणि तळ्यापासून दूर, उताराच्या खालच्या बाजूस बांधावी. झाडांमध्ये बाभूळ, करंज, उंबर आणि जांभूळ लावावेत. बाभळीवर बगळ्यांना व सुगरणीला घरटी करता येतात. झाडे अस्तराच्या तळ्यापासून मात्र दूरच लावावीत, नाहीतर मुळ्या प्लॅस्टिक फोडतात.

डासांची शंका सर्वप्रथम घरातील स्त्रिया काढतात आणि ती रास्त आहे. ओढ्यातील स्थानिक लहान मासे, बेडकाची पिले आणि चतुराच्या अळ्या पाण्यात असल्या तर डासांच्या अळ्या फारशा टिकत नाहीत. तिलापिया किंवा मांगूर सोडू नये. विदेशी आफ्रिकन मांगूर पाळण्यास तर देशात बंदीच आहे.

पक्षी बोलावले तर द्राक्षे राहतील का?

हा आक्षेप हमखास येतो. मण्यात साखर भरू लागली की साळुंकी, बुलबुल आणि पोपट बागेवर तुटून पडतात, म्हणून आपण जाळी लावतो. पण हे फळे खाणारे पक्षी पाणथळ असो वा नसो, येणारच. शेकाट्या, तुतारी, चमच्या, बगळे, बदके यांना द्राक्षात काही रस नाही. राखी बगळा आणि गायबगळा तर उंदीर, नाकतोडे, अळ्या टिपतात. अपवाद पट्टकदंबाचा सांगितला पाहिजे. हिमालय ओलांडून येणारा हा राजहंस मोठ्या तलावांवर थव्याने उतरतो आणि रात्री-पहाटे हरभऱ्यात किंवा गव्हात चरतो. दोन गुंठ्यांच्या पाण्यावर तो सहसा येत नाही, मात्र तलावाकाठी हरभरा असणाऱ्यांनी लक्ष ठेवावे.

खरा विरोध फटाक्यांचा आहे. साळुंक्या उडविण्यासाठी दिवसातून चार वेळा फटाके लावायचे आणि त्याच आवारात पाहुण्यांना पक्षी दाखवायचे, या दोन गोष्टी एकत्र जमणार नाहीत. ज्यांना जाळीचा खर्च झेपत नाही, त्यांनी पक्षी पर्यटनाच्या नादी लागू नये. रात्री लावलेले ध्वनिक्षेपक आणि प्रखर दिवे यांचेही असेच आहे. लग्नसमारंभाचे लॉन आणि पाणथळ यांतून एकाची निवड करावी. लॉन जास्त पैसे देते, हे खरे आहे. पण लॉनसाठी तळ्याची गरज नाही, आणि हमरस्त्यालगतचे कार्यालय त्यात नेहमी आपल्या पुढेच राहील.

फवारणीचे दिवस

फळछाटणीनंतरचे सुमारे दोन महिने बागेत फवारण्या सर्वांत जास्त असतात. नेमक्या त्याच दिवाळीच्या सुटीत शहरातील मंडळी येऊ पाहतात. फवारणीच्या दिवशी आणि औषधाच्या लेबलवर दिलेल्या मुदतीत कोणालाही बागेत नेऊ नये. पाहुण्याने आधी कळविले असले तरी स्पष्ट नाही म्हणावे. पायरेथ्रॉईड गटातील कीटकनाशके माशांना अत्यंत विषारी आहेत. वाऱ्याबरोबर उडालेला फवारा किंवा पंप धुतलेले पाणी पाणथळात गेले तर एका दिवसात मासे वर तरंगतात. त्यामुळे बाग आणि पाणथळ यांच्यामध्ये करंजाची किंवा शेवरीची दाट ओळ असावी. पंप धुण्याची जागाही वेगळी ठरवून द्यावी.

पर्यटनाची खरी घडी बसते ती मार्गशीर्ष-पौषात. फवारण्या कमी होतात, शाळू हुरड्यावर येतो, हिवाळी पक्षी स्थिरावलेले असतात. हुरडा ही आपल्या भागाची जुनी, घरचीच पर्यटनाची पद्धत आहे. ती नव्याने शिकावी लागत नाही. पाहुण्यांना पहाटे उठवून पाणथळावर न्यावे. सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वांत चांगले. चहा नंतर द्यावा. काठापासून १५-२० पावलांवर कडब्याचा किंवा तुरकाट्यांचा आडोसा करून त्यात बसण्याजोगत्या उंचीवर फटी ठेवाव्यात. एक साधी दुर्बीण घेऊन ठेवावी. दुपारी भाकरी, खर्डा, मेथीची भाजी आणि दही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजविणे आणि पुढे बेदाण्याचे शेड हेही दाखविता येते. सांगलीच्या बेदाण्यास आणि हळदीस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पाहुण्यास ते सांगून घरचा माल विकावा. अनेक ठिकाणी खोलीच्या भाड्यापेक्षा या विक्रीतच शेतकऱ्याचा हात मोकळा होतो. हुरड्याची आगटी पेटविण्यापूर्वी वरच्या झाडावर आग्या मोहोळ नाही ना, हे आवर्जून पाहावे. पाण्याकाठी साप असतात. विरोळा बिनविषारी आहे, पण नाग, घोणस आणि मण्यारही आपल्याकडे आहेत. रात्री बॅटरीशिवाय कोणास फिरू देऊ नये आणि सर्पदंशावरील लस कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळते, ते भिंतीवर ठळक लिहून ठेवावे.

एका वेळी किती माणसे घ्यावीत? साताऱ्याजवळील कास पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत आल्यावर गर्दी इतकी वाढली की फुले पायदळी जाऊ लागली. तेव्हा वन विभागाने आणि गावांच्या समित्यांनी प्रवेशशुल्क आणि रोजच्या संख्येची मर्यादा घालून आधी नोंदणी करण्याची पद्धत आणली. आपल्या दोन गुंठ्यांसाठी आडोशात एका वेळी आठ-दहा माणसे, तीही न बोलता, ही मर्यादा पुरेशी आहे.

तलाव सार्वजनिक असेल तर

शेत पाझर तलावाला लागून आहे, म्हणून काठ आपला होत नाही. बुडित क्षेत्राची जमीन शासनाची असते. तेथे तंबू, टपरी, बोट किंवा पायऱ्या करण्यासाठी संबंधित खात्याची लेखी परवानगी लागते. मासेमारीचा ठेका सहसा संस्थेकडे असतो, तिच्याशी आधीच बोलून घ्यावे. जाळी टाकणारा आणि पक्षी पाहणारा यांचे भांडण नंतर मिटविणे अवघड जाते. गाळपेर घेणाऱ्यांनी पाण्यालगतचा दहा-पंधरा फुटांचा पट्टा न नांगरता सोडला, तर हिवाळ्यात सर्वांत जास्त पक्षी त्याच पट्ट्यात चरताना दिसतील. अंडी किंवा पिले उचलणे, पक्षी पकडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे पाहुण्यांनाही सांगावे.

बांधकामास हात घालण्यापूर्वी एक हिवाळा केवळ निरीक्षणात घालवावा. कार्तिकापासून माघापर्यंत दर पंधरा दिवसांनी, सकाळी त्याच वेळेस, आपल्या पाण्यावर कोणते पक्षी किती दिसले ते वहीत लिहावे. शाळेत जाणारी मुले हे काम आवडीने करतात. पक्षी आलेच नाहीत, तर उतार किंवा पाण्याची खोली बदलून पुढच्या वर्षी पुन्हा पाहावे. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले असून किमान १ एकर शेती असणाऱ्या शेतकऱ्यास पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. अर्जाचा नमुना, शुल्क व इतर अटी संचालनालयाच्या पुणे येथील विभागीय कार्यालयात मिळतात. अर्ज करताना सात-बारा उतारा आणि खाते उतारा सोबत न्यावा.